गोळी दिवसातून तीनदा की एकदाच? औषध शरीरात कसं पसरतं आणि कसं बाहेर पडतं

घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, तर त्यांची गोळ्यांची डबी एकदा नीट बघा. थायरॉइडची गोळी सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी. मधुमेहाची मेटफॉर्मिन सकाळ-रात्र जेवणासोबत. बीपीची ॲम्लोडिपिन दिवसातून एकदाच. ताप आला तर पॅरासिटामॉल सहा-सहा तासांनी. आणि संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल, तर ती आठवड्यातून एका ठरलेल्या वारी, बाकीचे सहा दिवस अजिबात नाही. गोळ्या दिसायला सारख्याच, वेळापत्रक मात्र प्रत्येकीचं निराळं.

हे वेळापत्रक गोळीच्या 'पॉवर'वरून ठरत नाही. ते दोन गोष्टींवरून ठरतं: औषध रक्तातून शरीरात कुठवर पसरतं, आणि शरीर ते किती वेगानं साफ करतं. पहिल्या गोष्टीवरून पहिला डोस ठरतो, दुसरीवरून रोजचा. एवढं उमजलं की चिठ्ठीवरच्या बहुतेक सूचनांमागचं कारण आपलं आपल्याला लागत जातं. तरुण माणसाचा डोस म्हाताऱ्या माणसाला का बाधतो, हेही कळतं.

वाटेतला जकात नाका

पोटात गेलेली गोळी आतड्यात विरघळते, शोषली जाते, पण तिथून ती थेट हृदयाकडे जात नाही. आतड्यांतलं रक्त आधी एका मोठ्या शिरेनं यकृतात येतं. यकृत म्हणजे जुना जकात नाकाच. माल पुढे सोडण्याआधी आपला वाटा काढून घेणार. काही औषधांच्या बाबतीत हा वाटा किरकोळ असतो, काहींच्या बाबतीत जबर. बीपी आणि धडधडीवरचं प्रोप्रॅनोलॉल तोंडावाटे घेतलं तर साधारण पाव हिस्साच पुढे रक्तात पोचतो. म्हणून गोळी ४० मिलिग्रॅमची असते आणि शिरेतून द्यायची वेळ आली तर डोस १ मिलिग्रॅमच्या आसपास असतो.

छातीत कळ आली की सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायला सांगतात, तेही याचसाठी. जिभेखालच्या शिरा यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जातात. तीच गोळी घाईत पाण्याबरोबर गिळली, तर तिचा बराचसा भाग नाक्यावरच संपतो, आणि मोलाची दहा-पंधरा मिनिटं वाया जातात ती वेगळीच. सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृत कायमचं खराब होऊन घट्ट होतं त्या आजारात, हा नाका मोडकळीला येतो. रक्त निबर झालेल्या यकृतातून जाण्याऐवजी बाजूनं वाट काढतं, आणि नेहमीचा डोसही भारी पडू लागतो.

नाक्याच्या आधीही अडथळे असतात. कॅल्शियम आणि लोह थायरॉइडच्या गोळीला आतड्यातच धरून ठेवतात, म्हणून दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिकं दुधाबरोबर घेऊ नयेत, तेही याच कारणानं.

टाकी किती मोठी?

सत्तर किलोच्या माणसात रक्त साधारण ५ लिटर, त्यातला पेशींवेगळा पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, ३ लिटर. रक्तद्रव आणि पेशींच्या अवतीभवतीचं पाणी मिळून १४ लिटर. पेशींच्या आतलं पाणी धरलं तर एकूण ४२ लिटर. औषध यातल्या कुठल्या पाण्यात मिसळतं, त्यावर त्याची रक्तातली पातळी अवलंबून.

मोजायची पद्धत सोपी आहे. टाकीत पाणी किती हे ठाऊक नसेल, तर त्यात मोजून मीठ टाकायचं, ढवळायचं, एक पेलाभर पाणी काढून खारटपणा मोजायचा आणि भागाकार करायचा. औषधाचंही तसंच. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक पेशींच्या आत फारसं शिरत नाही, त्यामुळे त्याची टाकी निघते १५ ते २० लिटरची. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला ९९ टक्के चिकटून बसतं, त्याची टाकी जेमतेम १० लिटरची. आता हृदयविकारावरचं डिगॉक्सिन घ्या. शिरेतून अर्धा मिलिग्रॅम दिलं आणि पसरून झाल्यावर मोजलं, तर रक्तात दर लिटरला १ मायक्रोग्रॅमच्या आसपास सापडतं. म्हणजे टाकी ५०० लिटरची! माणसात एवढं पाणी मावणारच नाही. आकडा चुकलेला नाही. औषध रक्त सोडून हृदयाच्या आणि हातापायांच्या स्नायूंत जाऊन बसलंय, एवढंच तो सांगतो.

या आकड्याचे परिणाम फार व्यवहारी आहेत. डिगॉक्सिन अंगावर आलं तर डायलिसिसचा उपयोग होत नाही, कारण यंत्र फक्त रक्त गाळतं आणि औषध रक्तात जवळजवळ नाहीच. चरबीत ते फारसं जात नाही, म्हणून डोस वजनकाट्यावरच्या आकड्यावर न ठरवता उंचीला साजेशा वजनावर ठरवतात. स्नायू झडलेल्या वृद्धांची टाकी लहान, म्हणून त्यांना पहिला डोसही कमी. शिवाय पसरायला वेळ लागतो. गोळी घेतल्यावर सहा तासांच्या आत रक्त काढलं तर पातळी उगाचच जास्त दिसते आणि नसलेल्या विषबाधेवर उपचार सुरू होतात. रक्त काढायला येणाऱ्या माणसाला शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सांगायचं, आणि तो विचारत नसेल तर आपणहून सांगायचं.

प्रथिनाला चिकटलेलं औषध काम करत नाही, मोकळं असलेलंच करतं. फिट्सच्या फेनिटॉइनवर याचा घोळ वारंवार होतो. रिपोर्टमध्ये चिकटलेलं आणि मोकळं मिळून एकूण पातळी येते, आणि ती मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅमच्या दरम्यान हवी असते. रुग्णाचं अल्ब्युमिन ४ च्या आसपास असेल तर ठीक. पण यकृताच्या आजारानं किंवा कुपोषणानं ते २ वर आलं असेल, तर ढोबळ सूत्र असं: अल्ब्युमिनला ०.२ नं गुणा, त्यात ०.१ मिळवा आणि आलेल्या आकड्यानं रिपोर्टमधल्या पातळीला भागा. रिपोर्ट ८ दाखवत असेल तर खरी पातळी निघते १६. कागदावर 'कमी' वाटणारा हा डोस प्रत्यक्षात पुरेसा आहे, आणि कागद बघून तो वाढवला तर रुग्ण झोकांड्या खाऊ लागतो.

मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर घट्ट विणलेलं असतं, त्यातून तेलात विरघळणारी औषधं सहज जातात, बाकीची अडतात. सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्या, उदाहरणार्थ क्लोरफेनिरामिन, या अस्तरातून आत शिरतात आणि गाढ झोप आणतात. फेक्सोफेनाडिन मेंदूच्या दारातूनच परत पाठवलं जातं, म्हणून गाडी चालवणाऱ्याला ते बरं.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: परिणाम ओसरला म्हणजे औषध संपलं असं नाही. भुलीच्या थायोपेंटालनं मिनिटभरात शुद्ध हरपते आणि पाच-दहा मिनिटांत परतही येते. तेवढ्यात शरीरानं ते साफ केलेलं नसतं. ते फक्त मेंदूतून निघून स्नायूंत आणि चरबीत गेलेलं असतं. त्याची सफाई पुढे कितीतरी तास चालू राहते. म्हणूनच छोट्याशा भुलीनंतरही त्या दिवशी स्कूटर चालवू नका असं बजावतात.

निम्मं, निम्म्याचं निम्मं

रक्तातली पातळी निम्मी व्हायला जेवढा वेळ लागतो, त्याला औषधाचं अर्धायुष्य म्हणतात. एका अर्धायुष्यानंतर ५० टक्के उरतं, दुसऱ्यानंतर २५, मग साडेबारा, मग सव्वासहा, पाचव्यानंतर जेमतेम ३. म्हणून चार-पाच अर्धायुष्यांनंतर औषध गेलं असं धरतात.

उलट दिशेनंही हाच हिशोब लागतो. रोज ठरलेला डोस घेत राहिलं की पातळी चढत चढत चार-पाच अर्धायुष्यांनी स्थिरावते. ॲम्लोडिपिनचं अर्धायुष्य ३५ ते ५० तासांचं. 'तीन दिवस गोळी घेतली, बीपी हललंच नाही' या तक्रारीचं उत्तर इथे आहे. पूर्ण परिणाम दिसायला निदान आठवडा द्यावा लागतो. थायरॉइडच्या थायरॉक्सिनचं अर्धायुष्य सात दिवसांचं, म्हणून डोस बदलल्यावर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात. पंधरा दिवसांत केलेली तपासणी म्हणजे पैसे पाण्यात. झोपेच्या क्लोनाझेपामचं अर्धायुष्य ३०-४० तासांचं असतं, तरी ती रोज रात्री घेतली जाते. कालची संपायच्या आत आजची येते, आणि आठवड्याभरात पातळी पहिल्या रात्रीच्या जवळजवळ पावणेतीन पट होते. आजोबा पहिल्या रात्री छान झोपले आणि आठव्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये पडले, यात मग नवल उरत नाही. अशी गोळी रोज घेण्याची सवय झाली असेल तर ती एकदम तोडायची नाही, डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू उतरवायची.

अर्धायुष्य ठरतं कसं? टाकीच्या लिटरांना ०.७ नं गुणायचं आणि दर तासाला किती लिटर साफ होतात त्या आकड्यानं भागायचं. डिगॉक्सिनची टाकी ५०० लिटरची, किडनी चांगली असेल तर सफाई तासाला ९ लिटरच्या आसपास. उत्तर येतं ३९ तास, प्रत्यक्षातही ते दीड-दोन दिवसांचंच असतं. किडनी बंद पडली की सफाई मंदावते आणि हेच अर्धायुष्य चार-पाच दिवसांवर जातं. डोस तोच ठेवला तर पातळी चढतच राहते: आधी भूक मरते, मळमळतं, वस्तू पिवळसर दिसतात, मग हृदयाचा ठोका चुकू लागतो.

पहिला डोस टाकी ठरवते, हे फिट येत असलेल्या रुग्णात स्पष्ट दिसतं. फेनिटॉइनची रोजची मात्रा ३०० मिलिग्रॅमच्या घरात, पण फिट थांबवायला पहिल्यांदा किलोला १५ ते २० मिलिग्रॅम द्यावी लागते. ५० किलोच्या माणसाला ७५० ते १००० मिलिग्रॅम. रोजच्या डोसनं पातळी गाठायला आठवडा लागेल, तेवढा वेळ हातात नसतो. म्हणून टाकी एकदम भरायची आणि पुढे जेवढं गळतं तेवढंच रोज ओतत राहायचं.

एक गैरसमज इथेच निपटतो. डोस दुप्पट केला की परिणाम दुप्पट वेळ टिकतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. दुप्पट डोस म्हणजे फक्त एका अर्धायुष्याची भर. पॅरासिटामॉलचं अर्धायुष्य दोन-तीन तासांचं, त्यामुळे एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या तर हाताला लागतात जास्तीचे दोन-तीन तास. विसरलेली गोळी पुढच्या गोळीबरोबर एकदम घेण्यातही म्हणून अर्थ नाही.

अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक तीनच दिवस का, याचंही कोडं सुटतं. ते पेशींमध्ये प्रचंड साठतं आणि त्याचं अर्धायुष्य ६८ तासांच्या आसपास असतं. तीन गोळ्या संपल्या तरी ऊतींमध्ये औषध आणखी काही दिवस काम करत असतं. ॲमॉक्सिसिलिनचं अर्धायुष्य तासाभराचं, ते पाच-सात दिवस दर आठ तासांनी घ्यावंच लागतं. त्यात दुपारचा डोस चुकवला तर तेवढे तास जंतूंना मोकळं रान.

यकृत: तोडणं, बदलणं, चुकणं

तेलात विरघळणारं औषध किडनी गाळते खरी, पण ते परत शोषलं जातं. त्याला पाण्यात विरघळणारं रूप देऊन बाहेर जाण्याजोगं करणं हे यकृताचं काम. ते काम किती नाजूक असतं, ते पॅरासिटामॉलमध्ये दिसतं. औषधाचा सर्वात मोठा भाग यकृत दोन निरुपद्रवी संयुगांत बदलून लघवीत पाठवतं. ५ ते १० टक्के मात्र तिसऱ्या वाटेनं जातं आणि तिथे एक विषारी पदार्थ तयार होतो. यकृतातलं ग्लुटाथायोन नावाचं संरक्षक द्रव्य त्याला लगेच निकामी करतं. डोस मर्यादेत असेल तोवर हे सुरळीत चालतं. मर्यादा ओलांडली की पहिल्या दोन वाटा तुंबतात, तिसऱ्या वाटेवर गर्दी होते, ग्लुटाथायोनचा साठा संपतो, आणि विष यकृताच्या पेशी मारू लागतं. रोज दारू पिणाऱ्यांत ही तिसरी वाट आधीच रुंदावलेली असते, आणि उपाशी, कृश माणसात साठाच अपुरा.

निरोगी प्रौढासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांतच ३.९ ग्रॅम होतात. वजन ५० किलोच्या आत असेल तर मर्यादा आणखी खाली. खरा धोका लपलेल्या पॅरासिटामॉलचा आहे. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत ते असतं, ॲसिक्लोफेनॅकच्या बऱ्याच गोळ्यांत ३२५ मिलिग्रॅम असतं. तापाची, सर्दीची आणि कंबरदुखीची अशा तीन गोळ्या घेणारा माणूस एकच औषध तीन नावांनी घेत असतो. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचायचं ते यासाठी. जास्त प्रमाणात घेतल्यावर पहिला दिवस उलटी-मळमळीपलीकडे काही जाणवत नाही. यकृत बिघडल्याचं दोन-तीन दिवसांनी उघड होतं. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत दिला तर फार चांगला लागू पडतो, म्हणून बरं वाटतंय या भरवशावर घरी थांबायचं नाही.

लहान मुलांतली चूक वेगळी असते. पॅरासिटामॉलचे थेंब मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे असतात, साधं सिरप ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं. सिरपच्या मापानं थेंब दिले तर डोस चौपट होतो. बाळाचा हिशोब किलोला १५ मिलिग्रॅम एका वेळी असाच करायचा आणि बाटली बदलली की नव्यानं करायचा.

यकृतातली ही तोडफोड करणारी विकरं (एन्झाइम्स) सगळ्यांत सारखी नसतात, आणि दुसरी औषधं त्यांचा वेग बदलतात. क्षयरोगाचं रिफाम्पिसिन यात सर्वात ताकदवान. ते सुरू झाल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत यकृत जास्तीची विकरं बनवू लागतं आणि दुसरी अनेक औषधं झपाट्यानं संपू लागतात. गर्भनिरोधक गोळ्या निकामी होतात. उपचार चालू असताना आणि संपल्यावरही चार आठवडे दुसरं साधन वापरावं लागतं. साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडची पातळी उतरते आणि मधुमेह्याची साखर चढते. डॉक्टर गोळी वाढवतात, सगळं बसतं. मग सहा महिन्यांनी क्षयाचा कोर्स संपतो, यकृत पूर्वपदावर येतं, आणि वाढवलेल्या गोळीनं साखर एकाएकी खाली जाते. औषध सुरू करताना जितकं लक्ष दिलं जातं तितकं ते बंद करताना दिलं जात नाही, आणि तिथेच माणसं घसरतात.

विकरं रोखणारी औषधं याउलट एक-दोन दिवसांतच रंग दाखवतात. वॉरफरिन घेणाऱ्याला बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल दिलं की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, चढू लागतो आणि हिरड्यांतून रक्त येतं. कोलेस्टेरॉलच्या ॲटोर्व्हास्टॅटिनबरोबर क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आलं की स्नायू दुखू लागतात. ग्रेपफ्रूटचं नाव यात सर्वत्र येतं. आपल्याकडे ते क्वचितच दिसतं, पण गणपतीच्या दिवसांत बाजारात येणाऱ्या पपनसातही त्याच जातीची द्रव्यं असतात. किडनी प्रत्यारोपणानंतर सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस घेणाऱ्यांनी ते टाळलेलंच बरं. काळी मिरीतलं पायपरिनही औषधं जास्त शोषायला लावतं. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेत याच गुणाचा उपयोग करून रिफाम्पिसिन कमी मात्रेत पुरेल असं मिश्रण तयार झालं. फोडणीतल्या चार दाण्यांनी बिघडत नाही, पण पायपरिनच्या कॅप्सूल घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा.

काही थोड्या औषधांत यकृताची क्षमता लवकर संपते. तिकीट खिडकी एकच आणि रांग कितीही वाढली तरी तासाला ठरलेलीच माणसं सुटणार, असा हा प्रकार. दारू त्यातलीच. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल हटवतं. ३० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये १० ग्रॅम असतं. चार पेग म्हणजे चार ते सहा तास. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ यांनी खिडकी वाढत नाही. फेनिटॉइनही याच रांगेतलं. ३०० चे ४०० मिलिग्रॅम केले तर पातळी तेहतीस टक्क्यांनी नाही, दुपटीहूनही जास्त वाढू शकते. म्हणून वरच्या टप्प्यात ती २५-५० मिलिग्रॅमनीच वाढवतात.

किडनी, आणि रिपोर्टमधला फसवा 'नॉर्मल'

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं दीड लिटरच लघवी म्हणून सोडतात, बाकी परत घेतात. गाळण्याखेरीज काही औषधं त्या उचलून लघवीत टाकतात, आणि हे काम फार वेगानं होतं. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये एका पोलीस शिपायाला पेनिसिलिन दिलं जात होतं, तेव्हा औषध इतकं दुर्मीळ होतं आणि इतक्या झपाट्यानं बाहेर पडत होतं, की त्याची लघवी गोळा करून त्यातून पेनिसिलिन परत काढलं जाई. साठा संपला आणि सुधारत चाललेला तो माणूस दगावला. पुढे पेनिसिलिनची ही हकालपट्टी मंदावण्यासाठी प्रोबेनेसिड हे दुसरं औषध जोडीला देऊ लागले.

किडनी किती गाळते हे रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थावरून ओळखतात, आणि इथेच मोठी फसगत होते. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. स्नायूच कमी असतील तर किडनी अर्धी गेली तरी आकडा चांगलाच दिसतो. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं १९७६ चं सूत्र पाठ करण्याजोगं आहे: १४० मधून वय वजा करा, वजनानं गुणा, क्रिएटिनिनच्या ७२ पटीनं भागा. बाई असेल तर ०.८५ नं गुणा. तीस वर्षांचा, ७० किलोचा पुरुष, क्रिएटिनिन १.०: उत्तर मिनिटाला १०७ मिलिलिटर. पंचाहत्तर वर्षांची, ४५ किलोची आजी, क्रिएटिनिन तेवढंच १.०: उत्तर ३५ मिलिलिटरच्या आत. दोघांच्याही रिपोर्टवर 'नॉर्मल' छापलेलं, पण आजीची सफाई त्या तरुणाच्या एक तृतीयांश. वृद्धांच्या चिठ्ठीवर वजन लिहिलेलं नसेल, तर हा हिशोब कुणी केलेलाच नाही असं समजायला हरकत नाही.

मेटफॉर्मिनवर यकृत काहीच करत नाही, ते जसंच्या तसं लघवीतून जातं. रिपोर्टमधला ई-जीएफआर (किडनीच्या गाळण्याचा अंदाज) ४५ च्या खाली गेला की डोस साधारण निम्मा करतात, ३० च्या खाली बंद. पायांच्या जळजळीसाठी सर्रास दिलं जाणारं प्रीगॅबालिनही पूर्णपणे किडनीच्या भरवशावर असतं. सूत्राचं उत्तर ३० ते ६० च्या दरम्यान असेल तर निम्मा डोस पुरतो. तो कमी केला नाही तर माणूस दिवसभर गुंगीत राहतो आणि घरचे म्हणतात, वयानं विसरायला लागलेत. इन्सुलिनचीही बरीचशी सफाई किडनीत होते. जुन्या मधुमेह्याची साखर पथ्य न बदलता आपोआप सुधारू लागली, इन्सुलिन कमी लागू लागलं, तर आनंद करण्याआधी किडनीची तपासणी करा. ती मंदावल्याचीच ही खूण असू शकते.

किडनीची सफाई एका दिवसातही कोसळू शकते. विदर्भातला ४५ अंशांचा उन्हाळा, किंवा पावसाळ्यातले जुलाब. अंगातलं पाणी घटलेलं. त्यात बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल आणि लघवीची गोळी आधीच चालू. अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक वर घेतली. वेदनाशामक गोळी किडनीत येणारी रक्तवाहिनी आवळते, टेल्मिसार्टन बाहेर जाणारी सैल करतं, लघवीची गोळी पाणी आणखी कमी करते, आणि गाळणीवरचा दाबच जातो. मग मेटफॉर्मिन साठतं, डिगॉक्सिन साठतं, मानसिक आजारासाठी लिथियम चालू असेल तर तेही साठतं आणि हात थरथरू लागतात. अशा दिवशी वेदनाशामक गोळी टाळा, ओआरएस सुरू करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा, की मेटफॉर्मिन, लघवीची आणि बीपीची गोळी खाणंपिणं सुरळीत होईपर्यंत थांबवू का. इन्सुलिन मात्र आपल्या मनानं बंद करायचं नाही.

राहिली ती आठवड्यातून एकदाची मेथोट्रेक्सेट. गंमत अशी, की रक्तातलं तिचं अर्धायुष्य काही तासांचंच असतं आणि किडनी तिला एक-दोन दिवसांत रक्तातून काढून टाकते. पण तोवर ती पेशींमध्ये शिरलेली असते, तिथे तिला शेपट्या जोडल्या जातात आणि ती आठवडेच्या आठवडे आत अडकून राहते. रक्ताचं घड्याळ एक, पेशीचं दुसरं. रोज घेतली गेली तर आठवड्याभरात तोंडात फोड येतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळतात, जीव जाऊ शकतो. चूक लक्षात आली तर लक्षणांची वाट न बघता रुग्णालय गाठायचं, फोलिनिक ॲसिड हा उतारा जितक्या लवकर मिळेल तितकं चांगलं. लघवीच्या संसर्गासाठी कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक देऊ केलं गेलं तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आधी सांगायचं, ही दोन्ही एकत्र चालत नाहीत. पाकिटावर जाड पेननं वार लिहायचा, 'दर रविवारी' असा, फॉलिक ॲसिडचा वार वेगळा लिहायचा, आणि रोजच्या डबीत ही गोळी ठेवायचीच नाही.